चोच चाऱ्यापुरतीच नसते

'ज्याने चोच दिली तो चाराही देईल,' असं आपल्याकडे म्हणतात. चोच म्हटली की मागोमाग चारा आलाच. पक्ष्यांना नावं देतानाही आपल्या लोकांनी चोचीकडे अवजार म्हणूनच पाहिलं. चोचीचं टोक पळीसारखं चपटं, तो चमच्या. वाकड्या चोचीने जमीन उकरतो, तो कुदळ्या. खोडावर ठोकत बसतो, तो सुतार. यात चूक काहीच नाही. पण चोचीचं आणखी एक काम आहे आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते दिसायला उष्णता टिपणारा कॅमेरा लागतो.

त्या कॅमेऱ्याकडे येऊच. आधी गच्चीवरचा कावळा.

अमरावतीत मे महिन्याच्या दुपारी दोन-अडीचला गच्चीचं दार किलकिलं करून पाहिलं, की पाण्याच्या टाकीच्या सावलीत एखादा कावळा हमखास बसलेला असतो. चोच उघडी, पंख अंगापासून थोडे सुटे, गळा भराभर हलतोय. काव काव नाही, उडणं नाही, नुसता आ वासून बसलेला. लहानपणी आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याला तहान लागलीय. तहान असतेच, पण चोच उघडी असते ती धापा टाकायला. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. कुत्रा जीभ बाहेर काढून जे करतो तेच कावळा चोच उघडून करतो. तोंडातल्या आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते.

म्हणजे आपला कूलरच. ताट्यांवर पाणी, पाण्याची वाफ, हवा गार. कूलरची जी अडचण तीच या युक्तीचीही: टाकीत पाणी संपलं की खेळ खलास. आमच्या कावळ्यासाठी कठड्यावर मातीचं भांडं भरलेलं असतं. पण वाळूच्या टेकाडांवर राहणाऱ्या किंवा खाऱ्या दलदलीत घरटं करणाऱ्या इवल्याशा पक्ष्याने धापांत घालवायला इतकं पाणी आणायचं कुठून? पाण्याचा थेंबही न खर्चता उष्णता बाहेर टाकता आली, तर त्याच्यासाठी ते सोन्याहून पिवळं.

आता पक्ष्याचं अंग पाहा. पक्ष्यांच्या शरीराचं तापमान साधारण ४० ते ४२ अंश सेल्सियस असतं. आपल्याला १०४ ताप, म्हणजे ४० अंश सेल्सियस, चढला की घरात धावपळ उडते. त्यांचा तो रोजचा आकडा. एवढी धग टिकवायची म्हणून अंगावर पिसांची दुलई. थंडीत ती उत्तम, उन्हाळ्यात मात्र काढून ठेवायची सोय नाही. उघडी राहतात ती मोजकी ठिकाणं: पाय, डोळ्यांभोवतालची कातडी, आणि चोच.

चोच मेलेली, कोरडी वस्तू वाटते. ती तशी नाही. आत हाड असतं, बाहेर केराटिनचं कवच, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात तेच. या दोहोंच्या मधल्या पातळ थरात रक्तवाहिन्या असतात. अंगठ्याचं नख दाबून पाहा. पांढरं पडतं, सोडलं की गुलाबी होतं. नखाखालून रक्त वाहतं, तसंच चोचीच्या कवचाखालूनही वाहतं. गरम रक्त तिथवर आलं की चोच तापते आणि बाहेरची हवा तिच्यापेक्षा गार असेल तर उष्णता हवेत निघून जाते. ना धाप, ना वाफ, ना पाण्याचा खर्च.

टूकनच्या चोचीचं कोडं

हे सगळ्यांत ठळक दिसलं ते दक्षिण अमेरिकेतल्या टोको टूकन या पक्ष्यात. काळं अंग, पांढरा गळा आणि समोर ती केशरी, अवाढव्य चोच. अंगाच्या लांबीचा जवळजवळ तिसरा हिस्सा चोचीचाच. वजन मात्र शरीराच्या साधारण विसाव्या भागाइतकं, कारण आतून ती पोकळ आणि स्पंजासारखी असते. एवढी चोच कशासाठी, यावर निसर्गअभ्यासक दोनशे वर्षं डोकं खाजवत होते. कुणी म्हणे जोडीदाराला भुलवायला, कुणी म्हणे फळं सोलायला, कुणी म्हणे दुसऱ्यांची घरटी लुटायला. टूकन आणि आपला तांबट तसे नातेवाईक. वडाच्या शेंड्यावर बसून दिवसभर टुक्‌ टुक्‌ करणारा तो हिरवा गोळा आणि हा केशरी चोचीचा राजा, दोघांची कुळं एकाच मोठ्या घराण्यातली.

२००९ साली कॅनडाच्या ब्रॉक विद्यापीठातले ग्लेन टॅटरसॉल आणि ब्राझीलमधले त्यांचे सहकारी देनिस आंद्रादे व ऑगुस्तो आबे यांनी टूकनला थर्मल कॅमेऱ्यासमोर बसवलं. कोविडच्या काळात दुकानाच्या दारात कपाळावर रोखायचे ती पिस्तुलं आठवा. वस्तूतून बाहेर पडणारे अवरक्त किरण मोजून तापमान सांगायचं, हे तत्त्व दोन्हींत एकच. फरक इतकाच की पिस्तूल एक आकडा देतं आणि कॅमेरा अख्खं चित्र काढतो. खोलीची हवा गार ठेवली तेव्हा चित्रात टूकनचं अंग दिसत होतं, पण चोच आजूबाजूच्या हवेइतकीच थंड, जणू तिथे काही नाहीच. हवा तापवत नेली तशी चोच उजळत गेली. पक्ष्याने रक्ताचा नळ सोडला होता.

टूकन गरजेप्रमाणे अंगातून बाहेर जाणाऱ्या एकूण उष्णतेपैकी ३० ते ६० टक्के उष्णता एकट्या चोचीतून घालवू शकतो, असा त्यांचा हिशेब निघाला. हत्ती कान हलवून जे करतो त्या तोडीचं हे काम. संध्याकाळी पक्षी झोपायला लागला की काही मिनिटांत चोच गरम व्हायची, मग निवायची; झोपेसाठी अंगाचं तापमान उतरवायलाही तो हीच वाट वापरत होता.

मला यात आकड्यांपेक्षा नळाचं महत्त्व जास्त वाटतं. नुसता उघडा पृष्ठभाग ही सोय नसून भोक आहे. थंडीत त्यातून घरातली धग वाहून जाईल. गाडीच्या रेडिएटरलासुद्धा थर्मोस्टॅट वॉल्व्ह असतो. इंजिन गार असताना तो बंद राहतो, तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडतो. पक्ष्याच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि प्रसरण पावतात, तोच त्याचा वॉल्व्ह. म्हणून शास्त्रज्ञ चोचीला उष्णतेची खिडकी म्हणतात. खिडकी उघडताही येते आणि लावताही येते. पण लावलेल्या खिडकीच्या फटीतून थोडा वारा येतोच, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

बशीतला चहा आणि ॲलनचा नियम

आता मूळ प्रश्न. उष्ण प्रदेशातल्या पक्ष्यांच्या चोची मोठ्या आणि थंड प्रदेशातल्यांच्या लहान, असं खरंच असतं का?

कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो. चहा तेवढाच, पण हवेला भिडणारा त्याचा पसारा वाढला. (बशीतून वाफही जास्त जाते, ती सध्या बाजूला ठेवू.) दहीभातासाठी भात परातीत पसरतात तो याच कारणाने, आणि थंडीत आपण गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करून झोपतो तेही याच कारणाने. पसारा वाढवा, उष्णता जाते. पसारा आवरा, राहते.

जोएल असाफ ॲलन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये हे प्राण्यांच्या बाबतीत मांडलं. थंड प्रदेशातल्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांचे बाहेर आलेले अवयव, म्हणजे कान, पाय, शेपूट, चोच, तोकडे असतात आणि उष्ण प्रदेशातल्यांचे लांब. ध्रुवाकडच्या कोल्ह्याचे कान छोटे आणि गोल, सहारातल्या फेनेक कोल्ह्याचे कान सुपासारखे. कानांची उदाहरणं शाळेच्या पुस्तकांत गेली, चोच मागे राहिली. कारण सरळ होतं. चोच दिसली की सगळ्यांना चाराच आठवायचा.

२०१० मध्ये मॅथ्यू सायमंड्स आणि टॅटरसॉल यांनी २१४ जातींच्या चोचींची मापं एकत्र केली. ऑस्ट्रेलियातले पोपट, आफ्रिकेतले तांबटाचे भाऊबंद, कॅनडातले तित्तिरवर्गी पक्षी, मुनियांचं कुळ, पेंग्विन, कुरव, सुरय. मोठ्या अंगाच्या पक्ष्याची चोच मोठी असणारच, म्हणून अंगाच्या आकाराचा हिशेब आधी वजा केला. सख्खे भाऊ एकमेकांसारखे दिसतात तसं जवळच्या जातींचं असतं, तेही धरून चालले. एवढं करून जे उरलं ते स्पष्ट होतं: विषुववृत्तापासून जितकं लांब, जितकी थंड हवा, तितकी चोच आखूड.

मग झालं सिद्ध? नाही. उष्ण प्रदेशात फळं वेगळी, बिया वेगळ्या, किडे मोठे. चोच उन्हाने वाढली की चाऱ्याने, हे २१४ जातींच्या तक्त्यावरून सांगता येत नाही. हा आक्षेप मला अगदी रास्त वाटतो, आणि या विषयाची खरी गंमत इथूनच सुरू होते.

एकच चिमणी, दोन चोची

चारा आणि ऊन यांची फारकत करायची तर एकाच जातीचे पक्षी हवेत: खाणं साधारण सारखं, हवा वेगळी. अमेरिकेत साँग स्पॅरो नावाचा पक्षी आहे. नावात स्पॅरो असलं तरी तो आपल्या चिमणीच्या कुळातला नाही, आपल्याकडच्या भारीट पक्ष्यांना जवळचा. तपकिरी, रेघारेघांचा, मिळेल ते खाणारा, आणि जवळजवळ अख्ख्या उत्तर अमेरिकेत पसरलेला.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वाळूच्या टेकाडांवर त्याची एक उपजात राहते आणि थोडं आत, झाडाझुडपांत दुसरी. वाळूत सावली कमी आणि गोडं पाणी दुर्मीळ. स्मिथसोनियन संस्थेचे रसेल ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन्ही उपजातींच्या पक्ष्यांना थर्मल कॅमेऱ्याखाली तपासलं. वाळूतल्या पक्ष्याच्या चोचीचा पृष्ठभाग १७ टक्क्यांनी मोठा होता आणि चोचीतून तो ३३ टक्क्यांपर्यंत जास्त उष्णता घालवू शकत होता. धापांपायी जाणारं पाणी त्यामुळे सात-आठ टक्क्यांनी वाचेल, असं गणित बसलं. सात-आठ टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. ज्या वर्षी नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्या वर्षी शंभर बादल्यांत आठ बादल्या वाचल्या तर काय, हे मराठवाड्यातल्या माणसाला विचारा.

चोचीचा पृष्ठभाग मोजतात कसा, हेही सांगण्यासारखं आहे. नाकपुडीपासून टोकापर्यंतची लांबी, नाकपुडीपाशी उंची आणि रुंदी, अशी तीन मापं व्हर्नियर कॅलिपरने घ्यायची आणि चोच हा आडवा शंकू समजून त्याच्या बाजूचं क्षेत्रफळ काढायचं. नववी-दहावीत शंकूच्या वक्रपृष्ठाचं सूत्र पाठ करताना 'हे कुठे लागणार आहे' म्हणून कुरकुरलेल्यांसाठी: इथे.

त्याच वर्षी ग्रीनबर्ग आणि रेमंड डॅनर यांनी कॅलिफोर्नियातल्या साँग स्पॅरोंचा अभ्यास मांडला, आणि या सगळ्या विषयातला माझ्या मते सर्वांत पटणारा पुरावा तिथे आहे. कॅलिफोर्नियाचा किनारा गार असतो. प्रशांत महासागराचं थंड पाणी, त्यावरून येणारं धुकं, यामुळे ऐन उन्हाळ्यात समुद्राकाठी स्वेटर घालावा लागतो आणि गाडीने थोडंच आत गेलं की शर्ट अंगाला चिकटतो. अक्षांश तेच, पक्षी तोच, तापमान भलतंच वेगळं. संग्रहालयांत जपलेल्या शेकडो नमुन्यांच्या चोची मोजल्या तेव्हा किनाऱ्याकडून आत जाताना उन्हाळ्याचं कमाल तापमान जसं वाढत गेलं तशी चोचही मोठी होत गेली.

आणि मग सुमारे ३७ अंशांपाशी आलेख उलटा फिरला. त्याहून उष्ण ठिकाणच्या पक्ष्यांच्या चोची पुन्हा लहान.

इथे जरा थांबा, कारण या वळणात सगळा मुद्दा आहे. चोच फक्त चाऱ्याने घडली असती तर तिला ३७ या आकड्याशी काय देणंघेणं? पण ती उष्णतेची खिडकी असेल, तर असंच व्हायला हवं. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. पक्ष्याचं अंग ४१ अंश आणि हवा २५, तर चोचीतून भरपूर उष्णता जाईल. हवा ३७ झाली की फरक उरला जेमतेम चार अंशांचा. त्यात वरून ऊन आणि खालून तापलेल्या जमिनीची झळ. हवा आणखी तापली की वाहतूक उलटी सुरू होते, चोच बाहेरची उष्णता आत ओढायला लागते. मे महिन्यात दुपारी खिडक्या उघड्या टाकून कुणी झोपतं का? आमच्याकडे सकाळी दहालाच दारं-खिडक्या बंद करून पडदे ओढतात. जिथे रोज हेच करावं लागतं तिथे मोठी खिडकी ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्या टाकीखालच्या कावळ्याचंही तेच. पारा ४४-४५ वर असताना कुठल्याच पक्ष्याची चोच त्याला बाहेरून गार करू शकत नाही. उरतं एकच, चोच उघडून धापा टाकणं. कोरड्या विदर्भात ते चालूनही जातं, कारण कोरड्या हवेत वाफ झटपट होते. मुंबईत कूलर कुचकामी ठरतो आणि नागपुरात तो देव वाटतो, त्याचं कारण हेच.

या कूलरच्या हिशेबाने आणखी एक कोडं सुटतं. दक्षिण आफ्रिकेच्या कलहारीतल्या पिवळ्या चोचीच्या धनेशाचा असाच अभ्यास २०१६ मध्ये झाला. धनेशाची आणि टूकनची चोच दिसायला सारखी, कुळं मात्र वेगळी. धनेशही चोचीत रक्त सोडून उष्णता घालवतो हे दिसलं, पण तो नळ उघडतो हवा ३० अंशांच्या पुढे गेल्यावर. टूकन त्याच्या कितीतरी आधी उघडतो. धापा न टाकता जी उष्णता जाते तिच्यातला चोचीचा वाटाही धनेशात फार तर २० टक्के. टूकन दमट प्रदेशातला, त्याला वाफेचा उपाय मुंबईतल्या कूलरइतकाच उपयोगाचा, म्हणून त्याची मदार चोचीवर. धनेश कोरड्या मुलखातला. त्याला दुसरीही वाट आहे. अभ्यासकांनी सुचवलेलं हे कारण आहे आणि मला ते पटतं.

कात्री उन्हाळ्याच्या हातात की हिवाळ्याच्या?

आतापर्यंत सगळी चर्चा उन्हाळ्याची झाली. 'उष्ण प्रदेशात चोच मोठी' म्हटलं की वाटतं, उन्हाने ती वाढवली. पण त्याच वाक्याची दुसरी बाजू अशी की थंडीने ती छाटली. दोन्हींत फरक आहे.

मघाशी फटींतून येणाऱ्या वाऱ्याबद्दल म्हटलं होतं ना, ते आता. थंडीत पक्षी चोचीचा रक्तपुरवठा कमी करतो, पण पूर्ण तोडू शकत नाही. चोच जिवंत ठेवायची असते. म्हणजे उणे तापमानात मोठी चोच हे रात्रभर चालणारं गळतं. छोट्या पक्ष्याची हिवाळ्यातली रात्र म्हणजे दिवसा कमावलेल्या चरबीवर सकाळ गाठायची. तिथे थोडी गळतीही महागात पडते.

ऑस्ट्रेलिया आणि आसपासच्या बेटांवरच्या मधुभक्षी आणि त्यांच्या नात्यातल्या गाणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चोचीचा आकार उन्हाळ्याच्या उकाड्यापेक्षा हिवाळ्याच्या किमान तापमानाशी जास्त जुळत होता. हिवाळा कडक, चोच लहान. २०१० च्या २१४ जातींच्या तक्त्यातही थंडीचाच धागा ठळक होता. आणि साँग स्पॅरोंवरच काम करणाऱ्या डॅनर आणि ग्रीनबर्ग यांनी नंतर दाखवलं की जिथे हिवाळा हा खरा जीवघेणा ऋतू आहे तिथे चोच हिवाळ्याच्या तापमानाप्रमाणे बदलते. म्हणजे सगळीकडे एकच ऋतू कात्री चालवत नाही. जिथे जो ऋतू जिवावर उठतो, त्याच्या हातात कात्री.

मोठ्या चोचीचे पक्षी थंडीत काय करतात, ते आपणही पाहिलेलं असतं, फक्त तसं लक्षात आलेलं नसतं. भिगवणला उजनीच्या पाण्यात पहाटे उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांचे फोटो आठवा. एक पाय पोटात ओढलेला, मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावरच्या चिखलपक्ष्यांवर नजर ठेवून अभ्यासकांनी हे मोजलं. हवा गार होत गेली तसं चोच पिसांत लपवून बसण्याचं प्रमाण वाढलं आणि मोठ्या चोचीच्या जातींत ते जास्त होतं. खिडकी लहान करता येत नसेल, तर तिच्यावर गोधडी टाकायची.

नियमाला भाव न देणारे

अलास्काच्या थंड समुद्रात पफिन नावाचा समुद्रपक्षी राहतो. ॲलनच्या नियमाने त्याची चोच इवलीशी हवी. प्रत्यक्षात ती जाडजूड, रंगीत, विदूषकाच्या नाकासारखी. थर्मल कॅमेऱ्याने त्याचं एक कारण उघड केलं. पफिन गुबगुबीत आणि पंख आखूड, त्यामुळे उडायला त्याला प्रचंड मेहनत पडते आणि अंग तापतं. समुद्रावरून उडत येऊन जमिनीवर उतरल्यावर अर्ध्या तासात त्याची चोच सुमारे ५ अंशांनी निवली; पाठ फारशी बदलली नाही. म्हणजे बाहेर थंडी असली तरी आतली शेगडी किती पेटलेली आहे, यावरही खिडकीचं माप ठरतं.

आणि चारा तर आहेच. गालापागोस बेटांपैकी डाफ्ने मेजर या छोट्या बेटावर १९७७ मध्ये दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या, उरल्या त्या मोठ्या आणि टणक. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य तिथल्या फिंच पक्ष्यांची वर्षानुवर्षं मापं घेत होतं. जाड चोचीचे पक्षी तगले, बारीक चोचीचे बहुतेक मेले, आणि पुढची पिढी सरासरीने जाड चोचीची निपजली. एका दुष्काळाने हे केलं. तापमानाला असा धडाका दाखवता येत नाही. ते हळू, गुपचूप आणि चाऱ्याने आखलेल्या चौकटीतच काम करतं. बी फोडणाऱ्या पक्ष्याची चोच उन्हासाठी बगळ्यासारखी लांब होणार नाही. ती बी फोडण्याचीच राहील, फक्त गरजेहून थोडी मोठी किंवा थोडी लहान. हा 'थोडा' भाग हवेचा.

जग तापतंय तर चोची वाढतायत का, हा प्रश्न मग आपोआप येतो. ऑस्ट्रेलियातल्या संग्रहालयांत १८७१ पासूनचे पोपट जपलेले आहेत. त्यांची मापं घेतल्यावर काही जातींत चोचीचा पृष्ठभाग तेव्हापासून ४ ते १० टक्क्यांनी वाढलेला आढळला. त्यात गँग-गँग काकाकुवा आहे आणि लाल पाठीचा पोपटही. २०२१ मध्ये डीकिन विद्यापीठातल्या सारा रायडिंग आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या अशा नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी 'प्राणी रूप बदलतायत' अशा हेडलाइनी केल्या. त्या वाचून कुणाला वाटेल की एखाद्या पोपटाची चोच उन्हात फुगत चालली आहे. तसं काही नाही. पक्षी एकदा पूर्ण वाढला की त्याची चोच जवळपास तेवढीच राहते. सरकते ती पिढ्यांची सरासरी, आणि तीही डोळ्यांना दिसणार नाही इतकी. त्याच दीडशे वर्षांत जंगलं तुटली, शेतं आली, खाणं बदललं, त्यामुळे ही सगळी वाढ उन्हाच्या खात्यावर टाकता येत नाही, हे खुद्द अभ्यासकही बजावतात.

शिवाय कॅलिफोर्नियाच्या आलेखातलं ते ३७ अंशांचं वळण आहेच. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात उन्हाळ्यात पारा त्याच्या कितीतरी वर जातो. हिवाळा सौम्य झाला म्हणून कात्री सैल होईल आणि चोच वाढेल. उन्हाळा ४० च्या पार गेला की तीच वाढलेली चोच अंगलट येईल. दोन्ही एकाच पक्ष्याच्या एकाच वर्षात.

मुंबईत लायन गेटसमोर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची इमारत आहे. संस्था १८८३ ची, बोधचिन्ह धनेश, इमारतीचं नावही हॉर्नबिल हाउस. आत कपाटांच्या कप्प्यांत हजारो पक्षी आडवे निजवून ठेवलेले आहेत, प्रत्येकाच्या पायाला जागा आणि तारखेची चिठ्ठी. चोचींचे रंग उडतात, आकार मात्र बहुतांशी टिकतो. मोजायला लागतं ते एक व्हर्नियर, भरपूर चिकाटी आणि शंकूचं ते सूत्र.